तिरप्या प्रकाशातील पोत

खरखरीतपणा आणि मऊपणा हे बोटांनी जाणण्याचे विषय आहेत, असा आपला सर्वसाधारण समज असला, तरी फणसाच्या काटेरी सालीचे एखादे उत्तम छायाचित्र ज्याने निरखून पाहिले आहे, त्याला ही जाणीव डोळ्यांनाही होते हे कबूल करावे लागते. ती होते सावल्यांच्या द्वारे. पृष्ठभागावरील प्रत्येक उंचवटा एका अंगाने उजळतो आणि दुसऱ्या अंगास आपली बारीकशी सावली टाकतो. अशा असंख्य सावल्यांचा समुच्चय म्हणजे छायाचित्रातील पोत. म्हणूनच कॅमेऱ्यावरील फ्लॅशचा प्रकाश समोरून पडला, की सावल्या उंचवट्यांमागे दडतात आणि ओबडधोबड जांभा दगडही सपाट भासतो. तोच प्रकाश सकाळच्या उन्हासारखा तिरपा, पृष्ठभागाला जवळजवळ लागून आला, की दगडाचे छिद्र न् छिद्र आपापल्या छायेसह प्रकट होते.

परस्परविरुद्ध पोतांचा अभ्यास करू इच्छिणाऱ्याने दूर कोठे जाण्याची तजवीज करू नये. शरद ऋतूत पुरंदरकडची सीताफळे बाजारात मुबलक असतात. त्यांतले डोळे उघडलेले एक आणून, फोडून, खिडकीशी ठेवावे. साल निस्तेज आणि उंचसखल असल्यामुळे तिच्यावर पडलेला प्रकाश चहूकडे विखुरतो व डोळ्यांमधल्या खाचा गडद होतात. गर ओलसर आणि रवाळ; त्याच्यावर प्रकाश काहीसा आत मुरून सौम्यपणे परततो. काळी, गुळगुळीत बी मात्र आरशाच्या धर्माने वागते: तिच्यावर खिडकीचे इवलेसे प्रतिबिंब तेवढे दिसते, आणि बी किंचित फिरवली, की ते प्रतिबिंब सरकते अथवा नाहीसे होते. या प्रतिबिंबाची जागा ठरविण्यात घालविलेला वेळ मला सर्वांत सार्थकी लागलेला वाटतो, कारण तो एक तेजोबिंदू नसेल, तर बीचा तुळतुळीतपणा चित्रात उतरतच नाही आणि तिच्या शेजारची साल किती राकट आहे, हेही पुरतेपणी कळत नाही.

अमेरिकन छायाचित्रकार एडवर्ड वेस्टन यांनी १९३० साली एक ढोबळी मिरची पत्र्याच्या नरसाळ्यात ठेवून टिपली. नरसाळ्याच्या आतील बाजूंवरून परावर्तित झालेल्या प्रकाशाने त्या मिरचीला शिल्पाचे घडीव रूप आले. बर्लिन येथे अध्यापन करणाऱ्या कार्ल ब्लॉसफेल्ट यांचा वनस्पतींच्या छायाचित्रांचा ग्रंथ १९२८ सालचा. कोंब, देठ आणि नेच्यांची वेटोळी साध्या पार्श्वभूमीवर अनेकपटींनी मोठी करून दाखविताना त्यांनी इतर सारा तपशील दृष्टीआड केला. दोघांचीही निवड मला अनुकरणीय वाटते: चित्रात जितके कमी, तितके असलेल्याचे स्पर्शरूप अधिक.

जवळून टिपताना आणखी एक अडचण दाखल होते. भिंगाचे छिद्र मोठे ठेवले, तर बी स्पष्ट आणि मागची साल धूसर येते. छिद्र लहान केले, की दोन्ही स्पष्ट होतात, पण प्रकाश कमी पडून वेळ अधिक द्यावा लागतो व तिपाईवाचून चालत नाही. वेस्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३२ साली स्थापिलेल्या मंडळाने आपले नावच ‘एफ ६४’ या अतिसूक्ष्म छिद्रावरून घेतले होते.

मोबाइलवर काम करणाऱ्याने फ्लॅश बंद ठेवावा, फोन पुस्तकांच्या थप्पीला टेकवावा, आणि पडद्यावर पांढऱ्या गरावर बोट टेकवून उजेड थोडा उतरवावा. गराचा रवाळपणा एकदा पांढऱ्या डागात बुडाला, तर तो मागाहून परत मिळत नाही.