प्रकाशाचा रेटा

लेसर म्हटले की आम्हा नागपूरकरांना डोळ्यांचा दवाखाना आठवतो, नाहीतर वरातीतले रंगीत झोत. मी महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवतो, म्हणून शेजारी विचारतात, “सर, लेसर याहून निराळे काही करतो का हो?” करतो, आणि ते समजायला घरची बंगई पुरे.

बंगईला वेळ साधून हलके रेटे दिले की ती उंच जाते. वेळ चुकली, की तोच रेटा तिला थांबवतो. अणुरेणूंचेही असेच. तिथे रेटा प्रकाशाचा आणि वेळ फेम्टोसेकंदांची. फेम्टोसेकंदाचे सेकंदाशी जे प्रमाण, तेच सेकंदाचे सुमारे ३ कोटी १७ लाख वर्षांशी!

इतक्या क्षणिक झोताला आकार द्यायचा कसा? युक्ती मोठी गमतीची आहे. असा झोत अनेक रंगांचा असतो. बारीक रेघांच्या जाळीने ते रंग अलग पसरायचे. कुणाला किंचित मागे ठेवायचे, कुणाला फिके करायचे, आणि दुसऱ्या जाळीने पुन्हा एकत्र आणायचे. झाला नवा आकार!

पण कोणत्या रेणूला कोणता आकार मानवेल? १९९२ साली जडसन आणि रॅबिट्झ यांनी सुचवले, की रेणूलाच विचारा. यंत्राने नाना आकार करून पाहावेत, चांगले ठेवावेत, बाकीचे टाकावेत. १९९८ साली जर्मनीतील वुर्झबुर्गच्या संशोधकांनी लोहयुक्त रेणू कोणत्या तुकड्यांत अधिक फुटावा, हे अशाच रीतीने बदलून दाखवले. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत असताना देबब्रत गोस्वामी यांनी २००३ साली या विद्येचा विस्तृत आढावा लिहिला.

काही क्वांटम संगणकांत एकेक अणू म्हणजे जणू एकेक अंक. तो लेसरच्या झोताने उलटवायचा. झोत एकदम सुरू करून एकदम तोडला, तर त्यात आगंतुक रंग शिरतात, अणूची नको ती पातळी हलते आणि हिशेब चुकतो. म्हणून तो अलगद चढवून अलगद उतरवावा लागतो.

“नुसत्या बी.एस्सी.ने काय होणार?” असे पालक मला दरवर्षी विचारतात. २०२३ साली केंद्र सरकारने राष्ट्रीय क्वांटम मिशनसाठी सुमारे ६ हजार कोटी रुपये मंजूर केले. पैसा मिळेल, परंतु हा रेटा द्यायला कसबी हात हवेत, आणि ते आपल्याच घरांतून यायचे आहेत. मुलगी पदार्थविज्ञान घेते म्हणाली, तर वाचकहो, एवढ्यात नको म्हणू नका.