शेवाळाला जागा द्या

रंगीत मासे पाळणाऱ्या गटांचं रडगाणं एकच : काच हिरवी होते, पाणी बदलून कंबर मोडते. विष्ठा आणि उरलेलं खाद्य कुजून अमोनिया होतो. तो वाढला की मासे मरतात, कर्जाचा हप्ता मात्र थांबत नाही. शेवाळाचं खतही हेच. मग ते आपल्याला हवं तिथेच वाढवू.

प्लास्टिकची जाळी घासून चांगली खरखरीत करा, गुळगुळीत जाळीवर शेवाळ धरत नाही. पीव्हीसी पाइपला लांब चीर पाडून जाळी तीत अडकवा आणि टाकीवर टांगा. छोट्या पंपाने पाणी पाइपात चढवा. ते जाळीच्या दोन्ही अंगांनी पातळ पसरून टाकीत उतरलं पाहिजे. जाळीच्या दर सेंटिमीटर रुंदीला ताशी ५० लिटरच्या आसपास.

दोन्ही बाजूंना पिवळसर एलईडी लावा, रोज १६ तास. रात्री बंद. उजेड जाळीवरच पडू द्या, टाकीवर नको. वायर बोर्डाच्या खाली झोल देऊन मग वर न्या, म्हणजे ओघळ बोर्डात शिरणार नाही. यात आळस नको गं बायांनो!

सुरुवातीला तपकिरी, बुळबुळीत थर येतो. घाबरू नका, हिरवं मागून येतं. तोवर पाणी बदलणं चालू ठेवा. मग दर आठवड्याला जाळी काढून साध्या पाण्यात खरवडा, साबण अजिबात नाही. थोडं शेवाळ मुद्दाम ठेवा. खरवडलं नाही तर खालचा थर कुजतो आणि सगळी घाण परत टाकीत. काढलेलं शेवाळ परसातल्या खतखड्ड्यात टाका.