कॅप्टन अमेरिका आणि न्यूझीलंडचा वेटा

कॅप्टन अमेरिकाची ढाल आधी गोल नव्हतीच, ठाऊक आहे? त्याच्या कॉमिक्सच्या पहिल्या अंकात ती खाली निमुळती, त्रिकोणी होती! पण दुसऱ्या एका प्रकाशकाच्या ‘शील्ड’ नावाच्या वीराशी ती फारच मिळतीजुळती निघाली. तक्रार आली आणि दुसऱ्या अंकापासून कॅप्टनच्या हातात गोल ढाल आली.

जो सायमन आणि जॅक कर्बी यांनी कॅप्टनला घडवलं. मार्च १९४१च्या पहिल्याच अंकाच्या मुखपृष्ठावर तो हिटलरला सणसणीत ठोसा हाणतो. तेव्हा अमेरिका युद्धात उतरलीसुद्धा नव्हती! काडीपैलवान स्टीव्ह रॉजर्स एका औषधाने बलदंड होतो आणि बकी नावाच्या पोराला जोडीला घेऊन हेरांना धूळ चारतो. मला हे सुरुवातीचे अंक फार आवडतात.

युद्ध संपलं, वाचकही पांगले. मग १९६४ साली स्टॅन ली आणि कर्बी यांनी त्याला परत आणलं. म्हणे, तो १९४५ पासून बर्फात गोठून पडला होता. बर्फ वितळला आणि कॅप्टन उठून उभा, तसाच तरुण!

खऱ्या माणसाला हे जमणार नाही. टोमॅटो फ्रीजरमध्ये गोठवून बाहेर काढा, कसा लिबलिबीत होतो! आतल्या पाण्याचा बर्फ होतो, तो पेशी फाडतो. आपल्या पेशींचंही तेच होईल.

पण न्यूझीलंडमध्ये एक किडा खरोखर गोठतो आणि पुन्हा चालू लागतो. त्याचं नाव वेटा. नाकतोड्याचा हा बिनपंखी, दणकट भाऊबंद. वेटाच्या खूप जाती आहेत, त्यातला हा डोंगरी वेटा. ओटागोमधल्या रॉक अँड पिलर डोंगरांवर चपट्या दगडांखाली तो राहतो. आपल्याकडे जुलैत धो धो पाऊस पडतो, तेव्हा तिकडे कडाक्याचा हिवाळा असतो. उणे १० अंश सेल्सिअसपर्यंतची थंडी हा किडा सोसतो. त्याच्या शरीरातल्या पाण्यापैकी तब्बल ८२ टक्क्यांचा बर्फ झाला, तरी तो मरत नाही!

कसं काय? त्याच्या रक्तातली काही प्रथिनं बर्फाला पेशींच्या बाहेरच धरायला लावतात. बाहेर बर्फ वाढतो, पेशीतलं पाणी हळूहळू बाहेर ओढलं जातं, पेशी आक्रसते, पण फाटत नाही. शिवाय हिवाळ्यात त्याच्या रक्तात ट्रेहॅलोज नावाची साखर आणि प्रोलिन नावाचं अमिनो आम्ल वाढतं. ते पेशींना सांभाळतात.

वेलिंग्टनच्या वेटा डिजिटल कंपनीने याच किड्याचं नाव घेतलं. २०१२च्या ‘ॲव्हेंजर्स’ चित्रपटात आयर्न मॅन आणि थॉर यांची जंगलातली झुंज सोडवायला कॅप्टन ढाल घेऊन येतो ना, त्या दृश्याचे व्हिज्युअल इफेक्ट्स याच कंपनीने केले.

गोष्टीतला कॅप्टन गोठला तो एकदाच. डोंगरी वेटा मात्र एकाच हिवाळ्यात पुन्हा पुन्हा गोठतो, वितळतो आणि परत चालू लागतो.