आहारातील स्निग्ध पदार्थ, सरकीची ढेप आणि नराची प्रजननक्षमता

लोणार तालुक्यातील सुलतानपूर परिसरात कापूस हे जुने पीक असून सरकीची ढेप हे गोठ्यातील परिचित खाद्य आहे. ढेपेने दुधातील स्निग्धांश सुधारतो, हा पशुपालकांचा अनुभव रास्तच होय. तीच ढेप वळूला आणि वासराला कितपत मानवते, याचा विचार मात्र फारसा होताना दिसत नाही.

स्निग्ध पदार्थ नराला अपायकारक असतात, असे मुळीच नाही. 1929 मध्ये मिनेसोटा विद्यापीठात जॉर्ज व मिल्ड्रेड बर यांनी उंदरांना स्निग्धांशरहित आहार दिला असता ते रोगग्रस्त झाले. अशाच आहाराने नर उंदरांना वंध्यत्व येते, हे इव्हान्स व सहकाऱ्यांनी 1934 मध्ये दाखविले. शुक्रजंतूचे आवरण बहुअसंतृप्त मेदाम्लांनी बनलेले असते. त्यामुळे ते लवचिक राहते, पण ऑक्सिजनच्या माऱ्यासही लवकर बळी पडते.

सरकीत तेलासोबत गॉसिपॉल नावाचे पिवळे द्रव्य असते. 1950 च्या दशकात चीनमध्ये सरकीचे कच्चे तेल खाणाऱ्या गावांत पुरुषांचे वंध्यत्व लक्षात आले. पुढे 1970 च्या दशकात त्याच द्रव्याची गर्भनिरोधक गोळी तेथे हजारो पुरुषांवर तपासण्यात आली. परंतु रक्तातील पोटॅशियम घटणे आणि काहींची प्रजननक्षमता परत न येणे, यामुळे तो मार्ग सोडावा लागला. शुद्धीकरणात गॉसिपॉल निघून जाते, म्हणून बाजारातील रिफाइंड सरकी तेलाविषयी ही भीती बाळगण्याचे कारण नाही.

रवंथ करणाऱ्या प्रौढ जनावराच्या पोटात गॉसिपॉलचा बराच भाग प्रथिनांशी बांधला जाऊन निष्प्रभ होतो. वासराचे पोट तेवढे विकसित नसल्याने त्याला अधिक धोका संभवतो. वळूमध्ये शुक्रजंतूच्या मध्यभागास इजा होऊन त्यांची हालचाल मंदावते. जीवनसत्त्व ई मोठ्या मात्रेत दिल्यास ही हानी टळते, असे फ्लोरिडातील वळूंवरील 1998 च्या प्रयोगात आढळले.

यावर जवस हा उपाय सुचविला जातो. तो तितका सरळ नाही. जवसातील असंतृप्त मेदाम्लांचे पोटातील जिवाणू बहुतांशी संतृप्तात रूपांतर करतात, आणि एकूण स्निग्धांश कोरड्या खाद्याच्या 6-7 टक्क्यांपुढे गेल्यास चाऱ्यातील तंतूंचे पचनच बिघडते.

गाय 21 दिवसांनी उलटली की दोष बहुधा गाईवरच ठेवला जातो, वळूचे वीर्य तपासले जात नाही. वळूमध्ये शुक्रजंतू तयार होण्यास सुमारे 61 दिवस लागतात. म्हणून ढेप थांबविल्यानंतर दोन-अडीच महिन्यांनी केलेली तपासणीच ग्राह्य धरावी.