अदृश्य किरण आणि कामकऱ्याचा जाणण्याचा अधिकार

विस्तवाजवळ हात नेला तर तो भाजतो, हें लहान मुलासहि फारसें शिकवावें लागत नाहीं. एकदां चटका बसला कीं तें आपोआप सावध होतें. सापाचा फूत्कार, नासलेल्या अन्नाचा वास, धुरानें डोळ्यांस येणारें पाणी, या सर्व निसर्गानें मनुष्यास दिलेल्या पूर्वसूचनाच होत. परंतु मनुष्यानें बुद्धिबळानें ज्या शक्ति हस्तगत केल्या आहेत त्यांत एक अशी आहे कीं, तिला रूप नाहीं, गंध नाहीं, रस नाहीं, स्पर्शहि नाहीं. तिच्या सान्निध्यांत दिवसभर राबून मनुष्य सुखानें घरीं येतो, जेवतो, झोंपतो. आणि तिनें केलेला अपाय कित्येकदां दहा-वीस वर्षांनीं दृष्टोत्पत्तीस येतो. ही शक्ति म्हणजे किरणोत्सर्ग.

आमच्या नैयायिकांनीं ज्ञानाचीं चार प्रमाणें मानिलीं आहेत: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. किरणांच्या कामांत प्रत्यक्ष लंगडें पडतें, कारण इंद्रियें साक्षच देत नाहींत. मोजण्याचें यंत्र हातीं नसल्यामुळें बिचाऱ्या कामकऱ्यास अनुमानहि करतां येत नाहीं. जें पूर्वीं कधीं पाहिलेंच नाहीं त्याचें उपमान तो कोठून आणणार? राहतें तें केवळ शब्दप्रमाण, म्हणजे जाणत्या माणसानें खरें तें सांगणें. जो यथार्थ बोलतो तोच आप्त, असें शास्त्रकार म्हणतात. तो जाणता मुका राहिला किंवा खोटें बोलला तर कसा अनर्थ ओढवतो, हें दाखविणारी एक सत्यकथा आम्ही आज वाचकांपुढें ठेवीत आहों.

हा विषय कौटुंबिक मासिकांत कशासाठीं, अशी शंका कोणी घेईल. परंतु आपल्याच घरांकडे पाहावें. कोणाचा मुलगा इस्पितळांत क्ष-किरणांचें यंत्र चालवितो. कोणाची पुतणी, हृदयाच्या रक्तवाहिन्यांवर क्ष-किरणांच्या साह्यानें जेथें उपचार होतात अशा विभागांत परिचारिका आहे. कोणाचा जांवई तेलाच्या नळांचे सांधे किरण टाकून तपासण्याच्या कामावर रात्रपाळी करतो. हीं माणसें सकाळीं आपल्याच पंक्तीस जेवून बाहेर पडतात. त्यांच्या अंगावर काय पडतें याची चौकशी घरच्यांनीं करूं नये काय?

तबकड्या रंगविणाऱ्या मुली

१८९८ सालीं पॅरिस येथें मेरी व पियरे क्यूरी या दांपत्यानें रेडियम शोधून काढलें. जस्ताच्या एका संयुगांत अल्प रेडियम मिसळलें कीं तो रंग अंधारांत आपोआप चकाकतो, असें पुढें आढळून आलें. पहिलें महायुद्ध चालूं असतां शिपायांस काळोखांत घड्याळ दिसावें म्हणून या रंगास मोठी मागणी आली आणि १९१७ च्या सुमारास अमेरिकेंत न्यू जर्सी प्रांतांतील ऑरेंज या गांवीं तबकड्या रंगविण्याचा कारखाना निघाला. कामास बहुतेक सर्व तरुण मुली होत्या. कित्येकींनीं नुकतीच शाळा सोडलेली. अंक फार बारीक असल्यामुळें कुंचल्याचें टोंक सुईसारखें राहावें लागे, आणि त्यासाठीं तो ओठांत धरून टोंक करावें, मग रंगांत बुडवावा, मग रंगवावें, अशी पद्धत त्यांस शिकविण्यांत आली. दर वेळीं रंगाचा सूक्ष्म अंश पोटांत जाई. यानें अपाय तर होणार नाहीं ना, असें मुलींनीं विचारलें असतां भय नाहीं असें उत्तर मिळालें. त्यांचे केस व कपडे रात्रीं घरीं चकाकत. कांहींजणी हौसेनें तो रंग नखांस व दांतांसहि लावीत. त्याच कारखान्यांत रेडियम हाताळणारे रसायनवेत्ते मात्र शिशाचे पडदे आणि चिमटे वापरीत असत.

रेडियमचा रासायनिक स्वभाव कॅल्शियमसारखा आहे, आणि कॅल्शियम तर आपल्या हाडांचा मुख्य घटक. अमृत वांटलें जात असतां राहु जसा देवांच्या पंक्तींत वेष पालटून बसला, तसें रेडियम कॅल्शियमच्या वेषानें शरीरांत शिरतें आणि हाडांत जाऊन बसतें. तेथें त्याच्यापासून निघणारे कण रात्रंदिवस आजूबाजूच्या पेशींवर आघात करीत राहतात. त्याचा जोर निम्म्यावर येण्यास सुमारें १६०० वर्षें लागतात. म्हणजे मनुष्याच्या आयुष्यांत तो कमी होण्याची आशाच नको.

प्रथम दांत दुखूं लागले. दांत काढला तर जखम भरेना. पुढें जबड्याचें हाड ठिसूळ होऊन त्याचे तुकडे दंतवैद्याच्या हातांत येऊं लागले. १९२२ सालीं एक तरुणी या यातनांनीं मरण पावली. तिच्या मृत्यूच्या दाखल्यावर उपदंश हें कारण लिहिलें गेलें. एका निष्कलंक मुलीच्या नांवास मरणानंतर केवढा हा कलंक! पांच वर्षांनीं, १९२७ सालीं, तिचें प्रेत उकरून तपासलें तेव्हां हाडांत रेडियम सांपडलें आणि उपदंशाचें चिन्हहि आढळलें नाहीं.

या कथेंतील खरी मर्माची गोष्ट पुढेंच आहे. १९२४ सालीं कंपनीनेंच हार्वर्ड विद्यापीठाचे डॉ. सेसिल ड्रिंकर व त्यांचे सहकारी यांजकडून कारखान्याची तपासणी करविली. रंगाच्या धुळीनें सर्व जागा व्यापिली आहे आणि मुलींच्या रक्तांत दोष दिसतो, असा त्यांचा निष्कर्ष होता. कंपनीनें तो दाबून ठेविला आणि सरकारच्या मजूरखात्यास कळविलें कीं, सर्व मुली पूर्ण निरोगी असल्याचें ड्रिंकर यांस आढळलें! खोटेपणाचा हा कळस होय. १९२५ सालीं तेथील सरकारी वैद्यकीय अधिकारी डॉ. हॅरिसन मार्टलंड यांनीं जिवंत मुलींच्या श्वासांत व मृतांच्या अस्थींत किरणोत्सर्ग मोजून सत्य उघडकीस आणिलें. ज्या शास्त्रज्ञानें हा रंग सिद्ध केला होता तो सोकॉकीहि १९२८ सालीं त्याच किरणांस बळी पडला.

ग्रेस फ्रायर नांवाच्या मुलीस आपली बाजू घेणारा वकील मिळण्यास सुमारें दोन वर्षें लागलीं. अखेर १९२७ सालीं तिनें व तिच्या चार सहकारिणींनीं दावा लाविला. त्यांतील दोघी त्या पहिल्या मृत तरुणीच्या सख्ख्या बहिणी होत्या. प्रतिवादीनें मुदतीचा मुद्दा काढला: इजा झाल्यापासून दोन वर्षांत फिर्याद पाहिजे. रोग उमटावयास पांच वर्षें लागावीं आणि कायद्यानें दोन वर्षांत दार लावून घ्यावें, असा हा न्याय! सुनावणीच्या वेळीं शपथेसाठीं हात वर करण्याचेंहि त्राण त्यांस उरलें नव्हतें. १९२८ च्या जूनमध्यें तडजोड होऊन प्रत्येकीस १०,००० डॉलर रोख, हयात असेपर्यंत दरसाल ६०० डॉलर आणि औषधोपचाराचा व वकिलाचा खर्च मिळाला.

इलिनॉय प्रांतांतील ओटावा येथें अशाच दुसऱ्या कारखान्यानें १९२५ व १९२८ सालीं आपल्या मुलींची तपासणी केली, परंतु निकाल त्यांस कळूं दिला नाहीं. उलट भीतीचें कारण नाहीं अशी जाहिरात वर्तमानपत्रांत दिली. त्यांतील कॅथरिन डोनोह्यू हिनें १९३८ सालीं अंथरुणास खिळल्या स्थितींत जबानी दिली. निकाल तिच्या बाजूनें लागला. कंपनी अपिलावर अपील करीत राहिली, आणि त्याच जुलैंत ती बाई वारली. १९३९ च्या ऑक्टोबरांत अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें कंपनीचें गाऱ्हाणें ऐकण्याचें नाकारिलें तेव्हां तो निकाल कायम झाला.

या मुलींच्या हाडांनीं जगास जें शिकविलें त्याच्या आधारें १९४१ सालीं शरीरांत रेडियम किती चालेल याची पहिली मर्यादा ठरली: एका ग्रॅमच्या दशलक्षांशाचा दहावा भाग. दुसऱ्या महायुद्धांत प्लुटोनियम हाताळणाऱ्यांचें रक्षण करतांनाहि याच अनुभवाचा आधार घ्यावा लागला. विशेष हें कीं, कुंचला ओठांत धरण्याची रीत बंद झाल्यावर जे लोक या धंद्यांत आले त्यांच्यांत हा हाडांचा रोग पूर्वीसारखा आढळला नाहीं. म्हणजे 'कुंचला तोंडांत घालूं नका' एवढें एक वाक्य वेळेवर उच्चारलें असतें तर कित्येक घरें वांचलीं असतीं.

आपल्याकडील व्यवस्था

आपल्या देशांत या कामावर देखरेख करण्यासाठीं १९८३ सालीं अणुऊर्जा नियामक मंडळ स्थापन झालें. त्याचें मुख्य ठाणें मुंबईंतच आहे. किरणांची मात्रा मिलिसीव्हर्ट या मापानें मोजतात. निसर्गांतूनच, म्हणजे जमीन, हवा, अन्न व आकाश यांपासून, प्रत्येक मनुष्यास दरसाल सरासरीनें सुमारें २.४ मिलिसीव्हर्ट मिळतात. तेव्हां किरण हा शब्द ऐकतांच घाबरून जाण्याचें कारण नाहीं. किरणांच्या कामावरील माणसासाठीं मर्यादा अशी कीं, लागोपाठ पांच वर्षांची सरासरी दरसाल २० मिलिसीव्हर्टच्या आंत असावी व कोणत्याहि एका वर्षांत ती ३० च्या वर जाऊं नये. सामान्य नागरिकासाठीं हीच मर्यादा दरसाल १ आहे.

ही मात्रा मोजण्यासाठीं कामकऱ्याच्या छातीवर एक लहान बिल्ला असतो. त्यांत विशिष्ट क्षाराच्या तीन चकत्या असतात. किरणांची शक्ति त्या चकत्या सांठवून ठेवतात आणि पुढें तापविल्या असतां तेवढ्याच प्रमाणांत प्रकाश देतात. ऑरेंजच्या मुलींस जो प्रकाश फसवून गेला, त्याचाच हा सत्य बोलणारा भाऊ म्हणावयास हरकत नाहीं. शिशाचा एप्रन घातला असेल तर बिल्ला त्याच्या आंतल्या बाजूस लावावयाचा असतो. काम संपल्यावर तो किरणांच्या खोलींत टांगून ठेवूं नये, नाहींतर माणूस घरीं आणि मोजणी भिंतीची असा प्रकार होतो. आणि तो खिशांत किंवा खणांत ठेवून काम करणें ही तर शुद्ध आत्मवंचना होय.

२००४ सालीं केलेल्या किरणसंरक्षणाच्या नियमांनीं मालकावर स्पष्ट कर्तव्यें घातलीं आहेत. कामकऱ्यास धोक्याची माहिती व शिक्षण द्यावें. वैद्यकीय तपासणी करवावी. त्याच्या मात्रेची नोंद त्यास दरसाल, तो मागेल तेव्हां, आणि नोकरी सोडतांना द्यावी. अठरा वर्षांखालील कोणासहि या कामावर ठेवतां येत नाहीं.

नियम आहेत, परंतु ते कामकऱ्याच्या कानांपर्यंत पोंचतात काय? आमचा एक जुना विद्यार्थी एका खासगी रुग्णालयांत क्ष-किरणांच्या यंत्रावर नऊ वर्षें काम करीत आहे. मागें तो दिवाळींत भेटावयास आला तेव्हां आम्हीं त्याच्या बिल्ल्याची चौकशी केली. तो म्हणाला, "गुरुजी, बिल्ला दर तीन महिन्यांनीं जातो आणि दुसरा येतो. आंकडा काय येतो तें आम्हांला कोणी सांगत नाहीं. तो कागद ऑफिसच्या कपाटांत असतो."

"तूं कधीं मागितलास काय?"

"मागितला तर म्हणतील, हा कज्जेदलाल झाला."

आम्हीं त्यास चार ओळींचा सभ्य अर्ज लिहून दिला. पंधरवड्यानें त्यास नऊ वर्षांचे आंकडे मिळाले आणि ते सर्व मर्यादेच्या पुष्कळच आंत निघाले. त्याची पत्नी आम्हांस म्हणाली कीं, इतकीं वर्षें हे घरीं आले कीं मनांत एक टोचणी असे, ती गेली. अज्ञान दोन्हीकडून छळतें तें असें: धोका असेल तेव्हां बेसावध ठेवतें, आणि नसेल तेव्हां उगाच जाळतें.

आणि ज्यांस कामावर आहों हेंच ठाऊक नसतें त्यांची काय कथा? २०१० सालीं दिल्ली विद्यापीठाच्या रसायनविभागांतील एक जुनें, पडून राहिलेलें किरणयंत्र लिलावांत भंगार म्हणून विकलें गेलें. तें मायापुरीच्या भंगारबाजारांत आलें. आंत कोबाल्ट होतें. तेथील मजुरांनीं तें फोडलें. त्यांस कोणी सांगितलें नव्हतें, त्या यंत्रासहि वाचा नव्हती. अनेकांस इस्पितळांत न्यावें लागलें आणि त्याच एप्रिलांत एकजण प्राणास मुकला. ओठांत कुंचला धरणारी ऑरेंजची मुलगी आणि हातोडा चालविणारा मायापुरीचा मजूर यांच्यांत सुमारें नव्वद वर्षांचें अंतर आहे, परंतु दोघांचें मरण एकाच मौनांतून आलें.

घरच्या मंडळींस दोन शब्द

ज्यांच्या घरीं अशा कामावर कोणी आहे त्यांनीं त्यास चार प्रश्न अवश्य विचारावे. बिल्ला रोज लावतोस काय? गेल्या वर्षाचा आंकडा किती? तुमच्याकडील किरणसुरक्षा अधिकारी कोण? शेवटची तपासणी केव्हां झाली? तसेंच या कामाचीं तीन सूत्रें घरांतील मुलांसहि पाठ असावीं: वेळ कमी, अंतर जास्त, मध्यें आड. उगमापासूनचें अंतर दुप्पट केलें कीं मात्रा चतुर्थांश होते; दोन पावलें मागें सरण्यास पैसा पडत नाहीं.

वडील स्त्रियांस एक विशेष विनंति. आपल्याकडे दिवस राहिल्यावर तीन महिने होईपर्यंत गोड बातमी बाहेर फोडीत नाहींत. रीत जुनी आहे आणि तिच्यामागील माया आम्ही जाणतों. परंतु सून किंवा लेक किरणांच्या कामावर असेल तर हेच पहिले महिने गर्भास सर्वांत नाजुक असतात. गर्भ राहिल्याचें कळतांच तिनें मालकास व सुरक्षा अधिकाऱ्यास तें सांगावें, असें नियमच म्हणतो, म्हणजे तिच्या कामांत योग्य तो फेरफार करतां येतो. उरलेल्या काळांत गर्भास १ मिलिसीव्हर्टहून अधिक मात्रा पोंचूं नये अशी काळजी घ्यावयाची असते. शेजारणींस हवें तर तीन महिन्यांनीं सांगावें. पण कामाच्या ठिकाणीं त्याच आठवड्यांत सांगूं द्यावें, आणि सासूबाईंनींच तशी आज्ञा द्यावी.

मालकवर्गांतहि आमचे वाचक आहेत. कोणी डॉक्टर आहेत, कोणी कारखानदार. त्यांस आमचें एवढेंच सांगणें कीं, नोंद कपाटांत सुरक्षित आहे एवढ्यानें कर्तव्य संपत नाहीं. ती ज्याच्या शरीराची आहे त्याच्या हातांत दिली म्हणजे संपतें. पगाराची पावती जशी न मागतां देतां, तशीच ही द्यावी. कामकऱ्यानेंहि ती मागण्यांत संकोच मानूं नये. स्वतःच्या देहाचा हिशेब मागणें हा उद्धटपणा नव्हे. तो त्याचा हक्क आहे, आणि संध्याकाळीं दाराकडे डोळे लावून बसणाऱ्या माणसांविषयीं त्याचें तें कर्तव्यहि आहे.