आभाळाला गडगा नाही

गेल्या मे महिन्यात माझा आतेभाऊ मुंबईहून सुटीला मालवणात आला, तो येताना एक ड्रोन घेऊन आला. तळहातावर मावेल एवढे यंत्र. चार पंखे आणि पोटाशी एक कॅमेरा. आम्ही दोघांनी ते खळ्यातून वर सोडले. मोबाइलच्या पडद्यावर प्रथम आमचे घर दिसले, मग माडांचे शेंडे, मग वाडीतली कौले, आणि पलीकडे सिंधुदुर्ग किल्ला. इतक्या वर्षांत आपले गाव आपण असे कधी पाहिलेच नव्हते, या आनंदात मी होतो. तेवढ्यात शेजारच्या काकी गडग्यापाशी येऊन उभ्या राहिल्या. त्या मागीलदारी न्हाणीत आंघोळीला बसल्या असताना डोक्यावर भुंग्यासारखा आवाज घोंघावत आला होता. “गडगो घातलो, वय घातली, न्हाणयेक चुडतां लावली. आता आभाळाक काय लावू रे बाबा?” एवढेच त्या म्हणाल्या. आवाज चढवला नाही, आणि म्हणूनच ते अधिक लागले.

पडद्यावर काकी दिसल्या नव्हत्या; पण न्हाणी दिसली होती, आणि तिला वरून छप्पर नव्हते. आतेभावाने ते चित्रण त्यांच्यासमोरच पुसून टाकले. या यंत्राविषयी कायदा काय म्हणतो, हे शोधायला मी त्यानंतर बसलो. जे हाती आले ते येथे मांडतो.

‘ड्रोन’ या इंग्रजी शब्दाचा एक अर्थ नर मधमाशी. आवाज ऐकला की नाव समर्पक वाटते. आपल्याकडे या यंत्राचा बोलबाला झाला तो २०१४ च्या मे महिन्यात, मुंबईत एका उपाहारगृहाने ड्रोनवरून पिझ्झा पोहोचवला तेव्हा. त्याच वर्षी ऑक्टोबरात नागरी विमानवाहतूक महासंचालनालयाने खाजगी ड्रोन उडवण्यास मनाईच केली. पुढे १ डिसेंबर २०१८ पासून काही अटींवर मुभा मिळाली, आणि २५ ऑगस्ट २०२१ रोजी ‘ड्रोन नियम, २०२१’ जाहीर झाले. मनाईकडून परवानगीकडे असा हा सात वर्षांचा प्रवास.

या नियमांत वजनावरून वर्ग पाडले आहेत. २५० ग्रॅमपर्यंतचा तो नॅनो, त्यापुढे २ किलोपर्यंतचा मायक्रो, २५ किलोपर्यंतचा लघु, आणि तसेच वर. नॅनो उडवणाऱ्याला चालकाचे प्रमाणपत्र लागत नाही. मायक्रोलाही हौसेपुरते उडवल्यास लागत नाही, मात्र लग्नाचे चित्रण करून पैसे घेणाराला लागते. बाजारात २४९ ग्रॅमचे ड्रोन इतके का दिसतात, याचे उत्तर या वर्गवारीत आहे. पण ‘नॅनो म्हणजे नियमच नाहीत’ असा जो समज आमच्या मित्रमंडळींत आहे तो साफ चुकीचा. चालकाला परीक्षा माफ आहे, आकाश माफ नाही. आणखी एक गोष्ट: ९ फेब्रुवारी २०२२ पासून परदेशी ड्रोनच्या आयातीवर, संशोधन, संरक्षण आणि सुरक्षा ही कामे वगळता, बंदी आली. तेव्हा आखातातल्या मामाला अत्तराबरोबर ड्रोन आणायला सांगू नये.

आकाशाचे नियमांनी तीन रंग केले आहेत. हिरव्या भागात ४०० फुटांपर्यंत, म्हणजे सुमारे १२० मीटर, परवानगीविना उडवता येते. पिवळ्यात हवाई वाहतूक नियंत्रकांची परवानगी हवी, आणि लाल भागात केंद्र सरकारचीच. विमानतळाच्या कुंपणापासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ही हिरवी मर्यादा २०० फुटांवर येते. त्याहून जवळ विनापरवाना उडवताच येत नाही.

इथे आपल्या तालुक्यातल्या माणसाची हमखास फसगत होते. चिपीचा विमानतळ ९ ऑक्टोबर २०२१ रोजी सुरू झाला. तारकर्ली-देवबागच्या माणसाला चिपी दूरचे गाव वाटते, कारण रस्त्याने जायचे तर मागे मालवणकडे येऊन कर्लीच्या खाडीला वळसा घालावा लागतो. पण ड्रोनला आणि विमानाला खाडीचे काय? देवबागच्या संगमावर उभे राहिले की चिपीचा सडा पलीकडच्या अंगालाच आहे. पर्यटक मंडळी नेमकी याच संगमावर ड्रोन काढतात. ‘डिजिटल स्काय’ या सरकारी संकेतस्थळावर रंगांचा नकाशा आहे, आणि उडवण्यापूर्वी तो पाहणे हे नियमाने चालकाचे कर्तव्य आहे. नियम मोडल्यास दंड १ लाख रुपयांपर्यंत होऊ शकतो. अपघात झाला तर ४८ तासांत कळवावा लागतो.

सिंधुदुर्ग किल्ल्याचे प्रकरण वेगळे. १६६४ साली पायाभरणी झालेला हा जलदुर्ग केंद्रीय संरक्षित स्मारक आहे, आणि जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आलेल्या बारा किल्ल्यांपैकी एक. त्यावर ड्रोन न्यायचा तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची परवानगी आधी हवी. वरून तटाची नागमोडी रेषा फार देखणी दिसते हे खरे. पण किल्ल्याच्या आत आजही काही कुटुंबे राहतात, आणि त्यांच्याही दोरीवर कपडे वाळत असतात.

समुद्राची आणखी एक गोष्ट कोणत्याच नियमात लिहिलेली नाही, ती आमच्या रापणकारांना विचारावी. पहाटे मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. ड्रोन त्याच्या पाठीवर बसून झोकात आत जातो, आणि अर्धी बॅटरी संपल्यावर परत फिरवला की तोच वारा छातीवर. जाताना लागले त्याच्या दीडपट-दुप्पट बळ येताना लागते. बुडालेला ड्रोन बॅटरीसकट समुद्रातच राहतो, आणि तो समुद्र म्हणजे १९८७ साली घोषित झालेले मालवण सागरी अभयारण्य. हिवाळ्यात किनाऱ्यावरच्या उंच झाडांवर समुद्रगरुडांची घरटी असतात. घरट्याजवळ आलेल्या ड्रोनवर हा पक्षी झेप घेतो. त्यात ड्रोन मोडला तर हळहळ नको. गरुडाचा पंख कापला गेला तर?

आता मूळ प्रश्नाकडे, काकींच्या न्हाणीकडे, येतो. न्यायमूर्ती पुट्टस्वामी यांच्या खटल्यात २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने एकमताने निर्णय दिला की, खाजगीपणा हा घटनेच्या २१ व्या कलमाखालील मूलभूत हक्काचा भाग आहे. शिवाय, जेथे कोणी पाहणार नाही अशी स्त्रीची रास्त अपेक्षा असते अशा खाजगी प्रसंगी तिला चोरून पाहणे वा तिचे चित्र घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या ७७ व्या कलमाखाली गुन्हा आहे. पहिल्याच अपराधाला किमान १ वर्षाचा कारावास. आमच्या हातून अनवधानाने झाले, आम्ही कोणी पाहायला गेलो नव्हतो. पण काकींना वरचा डोळा कोणाच्या हातात आहे आणि तो काय पाहतो आहे, हे कळणार कसे? गडग्यावरून डोकावणारा माणूस निदान ओळखू येतो, त्याला नावाने हाक मारून हुसकावता येते.

वरचा डोळा मुळातच वाईट, असे मात्र मला म्हणवत नाही. गावठाणांच्या ड्रोन मोजणीच्या वेळी गावाला आधी सूचना मिळते, लोक आपापल्या हद्दी चुन्याने आखतात, आणि मगच यंत्र वर जाते. ९ जानेवारी २०२५ पासून राज्याच्या मत्स्यव्यवसाय खात्याने बेकायदा मासेमारीवर ड्रोनने नजर ठेवायला सुरुवात केली. पर्ससीन आणि एलईडी दिव्यांच्या मासेमारीने गांजलेल्या आमच्या पारंपरिक मच्छीमारांना आकाशातला पहारेकरी परका वाटण्याचे कारण नाही. या दोन्ही ठिकाणी कोण पाहतो आहे आणि कशासाठी, हे खाली असणाऱ्याला ठाऊक असते. आमच्या खळ्यातून उडालेल्या ड्रोनबाबत ते कोणालाच ठाऊक नव्हते.

सुटी संपण्यापूर्वी आम्ही पुन्हा एकदा ड्रोन काढला. या वेळी नकाशा पाहिला, उंची बेताची ठेवली, आणि आदल्या संध्याकाळी वाडीतल्या सहाही घरी जाऊन वेळ सांगून आलो. एका घराने नको म्हटले. त्यांच्या बाजूला गेलो नाही. काकी स्वतःच आमच्या खळ्यात येऊन पडद्याशी बसल्या. स्वतःचे माड त्यांनी बोटाने मोजले, दोनदा मोजले. मग एकदम पुढे वाकून म्हणाल्या, “थांब थांब, मांगरावरचो नळो फुटलो हा मरे!” पाऊस आठवड्यावर आला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी शिडी लावून मी तो नळा बदलून दिला.