आहार्याकडून सत्त्वाकडे : ॲलेक गिनेस यांची अभिनयसाधना

नटाचे श्रेष्ठत्व त्याच्या रूपांतरकौशल्यावरून ठरवावे की त्याच्या अंतःकरणवृत्तीच्या प्रकटीकरणावरून, हा प्रश्न नाट्यविचाराइतकाच जुना आहे. भरतमुनींनी अभिनयाचे आंगिक, वाचिक, आहार्य व सात्त्विक असे चार प्रकार सांगितले. रंगभूषा व वेशभूषा आहार्यात मोडतात. मनाच्या एकाग्रतेतून जे उद्भवते ते सत्त्व होय. रंगभूमी, चित्रपट व दूरचित्रवाणी या तिन्ही माध्यमांत वावरलेले इंग्रज नट सर ॲलेक गिनेस (१९१४–२०००) यांची कारकीर्द या वर्गीकरणाच्या प्रकाशात पाहणे उद्बोधक ठरते. वेषांतरपटू नट ही त्यांची सर्वसाधारण ख्याती होय. ती खोटी नाही. परंतु अपुरी आहे.

गिनेस यांचा जन्म २ एप्रिल १९१४ रोजी लंडन येथे झाला. आपला पिता कोण, हे त्यांना कधीही निश्चितपणे कळले नाही. प्रारंभी जाहिरातींचा मजकूर लिहिण्याची नोकरी केल्यावर ते रंगभूमीकडे वळले. १९३४ मध्ये जॉन गिलगुड यांनी त्यांना ‘हॅम्लेट’मधील ऑस्रिकची भूमिका दिली, आणि १९३८ मध्ये टायरोन गथ्री यांनी आधुनिक पोशाखात सादर केलेल्या त्याच नाटकात ते नायक झाले. पुढील वर्षी त्यांनी डिकन्सच्या ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’ या कादंबरीचे नाट्यरूपांतर केले. तो प्रयोग डेव्हिड लीन यांनी पाहिला. महायुद्धात गिनेस यांनी आरमारात अधिकारी म्हणून काम केले, आणि युद्धानंतर लीन यांनी याच कादंबरीवर काढलेल्या चित्रपटात (१९४६) ते पडद्यावर आले. या दिग्दर्शकाशी त्यांचा संबंध जवळजवळ चाळीस वर्षे टिकला. त्यांच्या अभिनयाचे गुण व मर्यादा या दोन्ही त्या संबंधातून स्पष्ट होतात.

‘ऑलिव्हर ट्विस्ट’ (१९४८) मधील वृद्ध फेगिनची भूमिका त्यांनी वयाच्या चौतिसाव्या वर्षापूर्वी साकारली. लीन प्रथम राजी नव्हते. तेव्हा गिनेस यांनी पूर्ण रंगभूषेसह चाचणी देऊन ती भूमिका मिळविली. मूळ कादंबरीसाठी क्रुकशँक यांनी काढलेली चित्रे या रंगभूषेचा आधार होती. रूपांतर पराकोटीचे साधले. पण त्या चित्रांतील ज्यूद्वेषी विडंबनही त्याबरोबर जिवंत झाले. १९४९ मध्ये बर्लिन येथे चित्रपटाविरुद्ध निदर्शने झाली, आणि अमेरिकेत तो काटछाट करून १९५१ मध्येच प्रदर्शित होऊ शकला. आहार्य अभिनय नटाच्या चेहऱ्यापुरता राहत नसून एखाद्या समाजाच्या प्रतिमेलाही स्पर्श करतो, हे येथे दिसून आले. याउलट ‘काइंड हार्ट्स अँड कॉरोनेट्स’ (१९४९) या चित्रपटात त्यांनी एकाच उमराव घराण्यातील आठ व्यक्ती उभ्या केल्या, त्यांत एक स्त्रीही होती. तेथील उपहास इंग्रजांचा इंग्रजांविषयीचा असल्याने तो कोणास बोचला नाही.

‘द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय’ (१९५७) मध्ये रंगभूषेचा आश्रय जवळजवळ सुटला. जपान्यांच्या कैदेतील कर्नल निकोल्सन लोखंडी पत्र्याच्या कोठडीतून बाहेर येऊन चालू लागतो, तेव्हाची ताठ राहू पाहणारी परंतु लटपटणारी चाल गिनेस यांनी पोलिओतून सावरणाऱ्या आपल्या लहान मुलाच्या चालीवरून घेतली होती. हा आंगिक अभिनयाचा उत्कृष्ट नमुना होय. कारण त्या पावलांत पात्राचा सारा अट्टहास सामावला आहे. या भूमिकेबद्दल त्यांना ऑस्कर पारितोषिक मिळाले, आणि १९५९ मध्ये ‘सर’ हा किताब लाभला. १९७७ मधील ‘स्टार वॉर्स’ने त्यांना अफाट लोकप्रियता दिली, तथापि अभिनयविकासाच्या दृष्टीने त्यानंतरची दूरचित्रवाणीवरील भूमिका अधिक महत्त्वाची आहे.

जॉन ल कारे यांच्या कादंबऱ्यांवर आधारित ‘टिंकर टेलर सोल्जर स्पाय’ (१९७९) व ‘स्मायलीज पीपल’ (१९८२) या बी. बी. सी.च्या मालिकांत गिनेस यांनी जॉर्ज स्मायली हा प्रौढ गुप्तहेर साकारला. पहिली मालिका सात भागांची होती. स्मायलीचे मुख्य कार्य ऐकणे हे आहे. इतर पात्रे बोलतात, सबबी सांगतात, घसरतात. तो चष्मा पुसतो आणि थांबतो. लहान पडद्यावर चेहरा जवळून दिसतो व कथेला विस्तार मिळतो, म्हणून असे ऐकणे हीच तेथे नाट्यक्रिया होऊ शकते. भरतांनी सांगितलेले अश्रू, स्वेद इत्यादी विकार येथे शोधू नयेत. मात्र ज्या एकाग्रतेतून सत्त्व उद्भवते ती प्रत्येक दृश्यात जाणवते. विशेष म्हणजे या भूमिकेची तयारीही बाह्यांगापासूनच झाली. ब्रिटिश गुप्तहेर खात्याचे माजी प्रमुख सर मॉरिस ओल्डफील्ड यांच्याबरोबर भोजन करताना गिनेस यांनी त्यांच्या लकबी बारकाईने न्याहाळल्या होत्या. आहार्य हे सत्त्वाचे विरोधी नसून त्याकडे नेणारी वाट असू शकते, असा याचा अर्थ.

मात्र ती वाट प्रत्येक वेळी पोहोचतेच असे नाही. लीन यांच्या ‘अ पॅसेज टु इंडिया’ (१९८४) मध्ये गिनेस प्राध्यापक नारायण गोडबोले झाले. मराठी अभ्यासकास हे पात्र परके नाही. मूळ कादंबरीचे लेखक ई. एम्. फॉर्स्टर यांनी १९२१ मध्ये देवास या मराठा संस्थानात महाराजांचे खाजगी चिटणीस म्हणून काम केले होते. कादंबरीच्या तिसऱ्या भागात गोडबोले जन्माष्टमीच्या उत्सवात तुकारामाचे नाव घेत तल्लीन होतात. पात्राचे सत्त्व तेथे आहे. चित्रपटात हा भाग अत्यंत आक्रसला. उरले ते फेटा, काळसर रंग आणि गूढ स्मित. भोवती व्हिक्टर बॅनर्जी, रोशन सेठ, सईद जाफरी यांसारखे भारतीय नट असताना ही उणीव अधिकच डोळ्यांत भरते.

वेषांतर मुळातच गैर, असा निष्कर्ष यावरून काढणे योग्य होणार नाही. बालगंधर्वांच्या स्त्रीभूमिका मराठी रसिकांनी मनोभावे स्वीकारल्या. कारण नट व प्रेक्षक एकाच संकेताचे भागीदार होते. स्मायलीचे मौन ज्या वर्गातून व भाषेतून आले ती गिनेस यांच्या परिचयाची होती. गोडबोल्यांचे मौन ज्या भक्तिपरंपरेतून येते ती रंगभूषेने मिळण्याजोगी नव्हती. फेगिन व गोडबोले या भूमिकांतील दोष कौशल्याच्या अभावाचा नव्हे. निरीक्षणाने रूप हाती येते. सत्त्व मात्र ज्या जीवनात ते रुजलेले असते त्या जीवनाशी नाते जोडल्यावाचून येत नाही. गिनेस यांचे यश आणि अपयश ही दोन्ही याच एका तत्त्वाची साक्ष देतात.